दात सरळ करायचे आहेत? आधी रिटेनरबद्दल विचारा

ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्याकडे, पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा तीनच गोष्टी विचारतो: किती महिने लागतील, किती दुखेल आणि खर्च किती. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. चौथा प्रश्न मात्र बहुतेकांना तार निघायच्या दिवशी सुचतो, आणि तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा. तार काढल्यावर दात जागेवर कसे ठेवायचे आणि किती वर्षं? दात हलवण्याचं काम साधारण दीड-दोन वर्षांत आटोपतं. ते तिथेच राखण्याचं काम त्यानंतर, रिटेनर नावाच्या दात धरून ठेवणाऱ्या उपकरणाने, सुरू होतं, आणि ते डॉक्टरांचं कमी, आपलं जास्त असतं. या लेखात उपचाराच्या क्रमानेच जाऊ, पण नजर त्या शेवटच्या टप्प्यावर ठेवून.

दात हाडातून सरकतो तरी कसा

एवढं समजलं की पुढच्या निम्म्या सूचनांची कारणं आपोआप कळतात, म्हणून इथे जरा थांबू.

दात जबड्याच्या हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा. त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. दातावर एका दिशेने हलका पण सतत दाब राहिला की ज्या बाजूला तंतू दबतात तिथलं हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि ज्या बाजूला तंतू ताणले जातात तिथे हाड बांधणाऱ्या पेशी नवं हाड घालू लागतात. पुढून वाट मोकळी होते, मागून भराव पडतो आणि दात सरकतो. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर.

जोर वाढवला म्हणून हा वेग वाढत नाही. फार दाब पडला तर त्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, तिथल्या पेशी मरतात, दात काही काळ अडून बसतो आणि मुळाचं टोक झिजण्याची शक्यता वाढते. तेव्हा ‘डॉक्टर, जरा घट्ट करा, लवकर उरकू’ ही विनंती करण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. दात नव्या जागी पोहोचला तरी त्याच्या भोवतालचे तंतू लगेच तिथले होत नाहीत. लिगामेंटला नव्याने बसायला तीन-चार महिने लागतात, हिरडीतल्या कोलॅजनच्या तंतूंना चार ते सहा महिने, आणि हिरडीच्या कडेच्या लवचीक तंतूंना वर्षभरही लागू शकतं. दात स्वतःभोवती फिरलेला असेल आणि तो फिरवून सरळ केला असेल, तर हे लवचीक तंतू पीळ दिलेल्या दोरीसारखे त्याला मागे ओढत राहतात. तार निघाल्या दिवशी आरशात दिसणारे दात त्यामुळे सरळ असतात, पण पक्के नसतात.

कोणी कधी दाखवावं

अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना मुलांची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घ्यायला सांगते. सात हा आकडा ऐकून पालक दचकतात. त्या वयात तार लावायची असा त्याचा अर्थ नाही. तोवर कायमच्या पहिल्या दाढा आणि समोरचे काही दात आलेले असतात, त्यामुळे पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येतो, एवढंच. बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर ‘वाट पाहू’ असंच येतं.

वाट पाहू नये अशा गोष्टी थोड्या आहेत. वरचे समोरचे दात खालच्या दातांच्या मागे बसणं. समोरचे कायमचे दात आल्यावरही अंगठा चोखणं. सतत तोंडाने श्वास घेणं. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागणं, कारण शेजारची दाढ पुढे सरकून त्या खालच्या कायमच्या दाताची जागा बळकावते. आणि वरचा जबडा अरुंद असणं. टाळूच्या मधोमध हाडाचा एक सांधा असतो. वाढत्या वयात एक्सपांडर लावून तो हळूहळू रुंदावता येतो, मोठेपणी तो घट्ट मिटतो आणि तेच काम करायला हाडात स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया लागते. सुळ्यांकडेही लक्ष असू द्या. वरचे सुळे अकराव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास येतात, आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीवर वरून बोट फिरवलं तर त्यांचा फुगवटा हाताला लागायला हवा. नसेल लागत तर सुळा आतच आडवा अडकला आहे का, हे एक्स-रे काढून पाहिलेलं बरं.

मोठ्यांसाठी वयाची अट नाही, हिरड्यांची आहे. दाताभोवतीचं हाड आणि हिरड्या निरोगी असतील तर साठीतही दात हलतात. हिरड्यांचा आजार असेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो, नाहीतर तारेच्या दाबाखाली हाड आणखी घटतं. मधुमेह नियंत्रणात नसेल, हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं चालू असतील किंवा निकेलची ॲलर्जी असेल, तर हे पहिल्याच भेटीत सांगा. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ, बसवायचा विचार असेल तर तो ऑर्थोडॉन्टिक उपचार संपल्यावर. इम्प्लांट हाडाशी थेट एकजीव होतो, त्याच्याभोवती लिगामेंट नसतं, म्हणून तो तारेने हलत नाही. आधी चुकीच्या जागी बसवला तर तिथेच राहतो.

पहिली भेट: काय तपासतात, काय विचारायचं

फोटो, दातांचं स्कॅन किंवा माप, पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे आणि चेहऱ्याचा बाजूने घेतलेला सेफॅलोग्राम एवढं बहुतेक ठिकाणी होतं. त्यानंतर तुम्हाला ‘क्लास वन’, ‘क्लास टू’, ‘क्लास थ्री’ असे शब्द ऐकू येतील. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडलेली ही वर्गवारी आजही चालते. वरच्या आणि खालच्या पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, त्यावर ती ठरते. ढोबळ मानाने सांगायचं तर एकमध्ये दाढा ठीक बसतात आणि अडचण गर्दीची, फटींची किंवा फिरलेल्या दातांची असते. दोनमध्ये खालची दाढ मागे राहिलेली असते आणि पुष्कळदा वरचे दात पुढे दिसतात. तीनमध्ये खालचा जबडा पुढे असतो.

उपचाराची योजना या तपासण्यांनंतर यायला हवी. खुर्चीत तोंड उघडायला लावून ‘सहा महिन्यांत होऊन जाईल’ असं कोणी सांगत असेल, तर मी दुसरं मत घेईन. आणि घरी माप घेऊन टपालाने अलाइनर, म्हणजे दात सरकवणाऱ्या पारदर्शक टोप्या, मागवण्याच्या फंदात अजिबात पडू नका. एक्स-रे नाही, हिरड्यांची तपासणी नाही, मुळांची लांबी कोणी पाहिलेली नाही, आणि अशा दातांवर दाब द्यायचा.

विचारायचे प्रश्न असे. मुख्य अडचण कोणती आणि उपचारानंतर काय सुधारलेलं असेल? काय सुधारणार नाही? दात काढावे लागतील का, आणि न काढता केलं तर तडजोड कुठे करावी लागेल? अधेमध्ये ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा, निघाला तर कोणाला फोन करायचा? रिटेनर कोणत्या प्रकारचा देणार, त्याचे पैसे एकूण खर्चात धरलेत का, तो हरवला किंवा तुटला तर काय, आणि तार निघाल्यावर तपासणीला किती वेळा बोलावणार? या शेवटच्या प्रश्नाला जिथे सविस्तर उत्तर मिळतं, तिथे माझं मन वळतं.

दात काढायचे की नाही

गर्दी फार असेल किंवा दात-ओठ बरेच पुढे आलेले असतील तर सहसा उपदाढा, म्हणजे सुळे आणि दाढा यांच्यामधले दात, काढायचा सल्ला मिळतो. पुष्कळदा चार, दोन वर आणि दोन खाली. ‘चांगले दात का काढायचे’ हा आक्षेप स्वाभाविक आहे. जागा करायचे दुसरेही मार्ग आहेत: दातांच्या बाजू काही दशांश मिलिमीटर घासून बारीक करणं, हाडात छोटे स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने दाढा मागे नेणं, किंवा दातांची कमान रुंद करणं. यातल्या शेवटच्या मार्गाबाबत सावध असावं, विशेषतः खालच्या जबड्यात. खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर वाढवलं तर ते पुढच्या काळात पुन्हा कमी होण्याकडे कल असतो. दात काढायला तुमचा विरोध असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, की न काढता केलेली मांडणी टिकेल किती.

तार की अलाइनर

दिसण्यापलीकडे जाऊन बघा. तारेच्या उपचारात प्रत्येक दातावर ब्रॅकेट चिकटवतात. १९७० च्या दशकापासून असे ब्रॅकेट मिळतात ज्यांच्या खाचेतच त्या-त्या दाताचा कोन घडवलेला असतो. सुरुवातीची तार बारीक, गोल, निकेल-टायटॅनियमची असते. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९७० च्या दशकात दातांच्या उपचारात आला. वेड्यावाकड्या दातांमधून तो वाकवून बांधला तरी मूळ आकाराकडे परतत राहतो, तोही हलक्या जोराने, आणि आपल्याला नेमका तसाच दाब हवा असतो. पुढे जाड, चौकोनी छेदाची स्टीलची तार येते. ती ब्रॅकेटच्या खाचेत घट्ट बसून मुळांची दिशा बदलते. सिरॅमिकचे ब्रॅकेट कमी दिसतात पण ठिसूळ असतात. दातांच्या मागे लावायची तारही असते. ती बाहेरून दिसत नाही, मात्र सवय होईपर्यंत जिभेला टोचते.

अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोप्यांची मालिका. एक टोपी दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढची घालायची. दातांवर दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, त्यांना धरून प्लॅस्टिक दात फिरवतं. थोडी ते मध्यम गर्दी आणि फटी यांसाठी अलाइनर छान काम करतात. गोलसर सुळा फिरवणं, दात हिरडीतून खाली ओढून आणणं, काढलेल्या उपदाढेची मोठी जागा मुळांसकट बंद करणं ही त्यांची अवघड कामं. आणि दिवसात २० ते २२ तास ते तोंडात हवेत. चहा-कॉफी, जेवण, ब्रश यांत उरलेले दोन-चार तास कसे उडतात ते पहिल्याच आठवड्यात कळतं. विसराळू मुलाला पालकांनी अलाइनर देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चिकटवलेली तार कोणी विसरू शकत नाही.

‘या खास ब्रॅकेटने निम्म्या वेळात’ किंवा ‘हे थरथरणारं यंत्र तोंडात धरा, दात लवकर हलतील’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. तुलनात्मक अभ्यासांत या दाव्यांना भक्कम आधार मिळालेला नाही.

पहिला आठवडा

ब्रॅकेट चिकटवताना दुखत नाही. कंटाळा येतो, कारण तोंड उघडं आणि कोरडं ठेवावं लागतं. दुखणं काही तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवडाभरात ओसरतं. या दिवसांत मऊ खा. वेदनाशामक लागलंच तर पॅरासिटॅमॉल चालेल का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. आयबुप्रोफेनसारखी औषधं हाडातल्या ज्या रासायनिक प्रक्रियेमुळे दात सरकतात तिच्यातच ढवळाढवळ करतात, म्हणून बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट पॅरासिटॅमॉल पसंत करतात. गाल किंवा ओठ घासला जात असेल तर ब्रॅकेट कोरडा करून त्यावर मेणाची गोळी दाबा. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळांनी जखमा निवतात. दात किंचित हलतायत असं वाटेल, ते अपेक्षितच आहे.

साफसफाई

तारेच्या उपचारातली सगळ्यांत दुःखद गोष्ट म्हणजे सुंदर रांगेत बसलेले दात आणि प्रत्येकावर ब्रॅकेटच्या आकाराची पांढरी चौकट. ब्रॅकेटभोवती थर साचून राहिला की इनॅमलमधली खनिजं निघून जातात. हे डाग महिनाभरातही दिसू लागतात आणि पूर्णपणे जात नाहीत. मुलांना उपदेश करायचा झाला तर एवढाच करा.

प्रत्येक खाण्यानंतर ब्रश. तो आधी ब्रॅकेटच्या वरून खाली झुकता धरायचा, मग खालून वर, मग हिरडीच्या कडेला. तारेखाली बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवायचा. रात्री दातांमध्ये फ्लॉस, त्यासाठी कडक टोकाचा सुपरफ्लॉस मिळतो. फ्लोराइडची टूथपेस्ट, आणि डाग पडण्याची प्रवृत्ती असेल तर डॉक्टर फ्लोराइडचं माउथवॉशही देतात. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश करणं सोडू नका. बहुतेकदा ते नीट ब्रश होत नसल्यामुळेच येतं.

कडक आणि चिकट पदार्थ टाळायचे, फळं समोरच्या दातांनी न तोडता कापून खायची, बर्फ आणि पेनची टोपणं चावायची नाहीत. अलाइनर घातलेले असताना फक्त साधं पाणी. गोड पेय आत शिरलं की प्लॅस्टिकखाली ते दातांना लागून बसतं आणि लाळ तिथे पोहोचत नाही.

मधले महिने

चार ते आठ आठवड्यांनी बोलावतील. ब्रॅकेट निघाला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा, तेवढ्या काळात तो दात भरकटतो. तारेचं टोक टोचू लागलं तर पेन्सिलच्या खोडरबरने हळूच आत दाबून पाहा किंवा मेण लावा.

पुढे कधीतरी रबरं येतात, वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत किंवा उलट. वरच्या आणि खालच्या दातांची बैठक जुळते ती या रबरांनी. सांगितलेल्या तासांपेक्षा कमी घातली तर दात दिवसा पुढे, रात्री मागे असे झोके खातात आणि महिने वाया जातात. बुडलेले दिवस भरून काढायला दोन-दोन रबरंही लावू नयेत. ताण सुटतो म्हणून ती रोज बदलायची.

वर्षभराने समोरचे दात सरळ दिसू लागतात आणि ‘आता काढून टाका’ म्हणावंसं वाटतं. तेवढी कळ सोसा. वरखालचे दात एकमेकांत नीट बसले तर ते एकमेकांना धरून ठेवतात. अर्धवट बैठकीवर तार काढली तर रिटेनरवर सगळा भार येतो.

तार काढण्यापूर्वीच्या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या. शेवटच्या एक्स-रेत मुळं समांतर आहेत का? फार फिरलेल्या दातांसाठी हिरडीचे ते लवचीक तंतू सोडवण्याची छोटी प्रक्रिया उपयोगी पडेल का? आणि समोरच्या दोन दातांमधली मोठी फट बंद केली असेल तर ओठाला हिरडीशी जोडणारी त्यांच्यामधली जाड पट्टी कापावी लागेल का? रिटेनर त्याच दिवशी किंवा फार तर काही दिवसांत हातात यायला हवा. तार काढून दुसऱ्या दिवशी लांबच्या प्रवासाला निघणं टाळा.

रिटेनर: कोणता, किती, कसा

तीन प्रकार प्रचलित आहेत. हॉली रिटेनर हा सगळ्यांत जुना, शंभर वर्षांपासून वापरात आहे. टाळूला बसणारी ॲक्रिलिकची प्लेट आणि समोरून जाणारी तार अशी त्याची रचना. दिसतो, सुरुवातीला बोलणं थोडं बोबडं होतं, पण टिकाऊ असतो, तार वाकवून जुळवता येतो आणि चावण्याच्या पृष्ठभागावर काही नसल्यामुळे दाढांना एकमेकींत आणखी नीट बसू देतो. दुसरा पारदर्शक प्लॅस्टिकचा. अलाइनरसारखाच दिसतो, समोरच्या दातांना घट्ट धरतो, मात्र काही वर्षांत झिजतो किंवा चिरतो. तिसरा चिकटवलेला: समोरच्या दातांच्या मागे, बहुधा खालच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, बारीक तार. तो काढायचा-घालायचा प्रश्न नाही, म्हणून आळशी माणसासाठी सोयीचा. पण तो राहतो म्हणजे नुसता विसरून जाता येतो असं नव्हे, त्याकडे पुढे येऊ.

किती तास? सुरुवातीचे काही महिने खाणं आणि ब्रश सोडून दिवसरात्र, मग फक्त रात्री, असं पुष्कळ डॉक्टर सांगतात. काही जण पारदर्शक रिटेनर पहिल्यापासून रात्रीच घालायला सांगतात, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ते पुरतं. तुमच्या दातांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांचं ऐका. पहिल्या वर्षी मात्र सवलत मागू नका, तंतूंचं गणित वर आलंच आहे.

आणि किती वर्षं? याचं प्रामाणिक उत्तर आहे: दात सरळ हवे आहेत तोपर्यंत. हे ऐकून लोकांना आपण फसलो असं वाटतं, म्हणून कारण सांगायला हवं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपदाढा काढून उपचार झालेल्या ६५ जणांचे दात त्यांनी रिटेनर थांबवल्यावर किमान दहा वर्षांनी तपासले. सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या खालच्या समोरच्या दातांची रांग समाधानकारक राहिली नव्हती. कोणाचे बिघडणार हे आधी सांगता येईल अशी खूणही त्यांना सापडली नाही. शिवाय ज्यांनी आयुष्यात तार लावली नाही त्यांचेही खालचे पटाशीचे दात वयाबरोबर दाटी करू लागतात. म्हणजे उपचार फसतो असं नाही. जबडा आणि दात आयुष्यभर थोडेथोडे बदलत राहतात आणि रिटेनर त्या बदलाला अडवतो.

या गर्दीचा ठपका अक्कलदाढांवर ठेवायची जुनी रीत आहे. अक्कलदाढा मागून ढकलतात म्हणून पुढचे दात वाकडे होतात, हे ऐकायला पटतं. पण ज्यांच्या अक्कलदाढा काढल्या किंवा मुळातच नव्हत्या त्यांच्यातही गर्दी होते. दुखत असेल, किड लागली असेल, अडकली असेल तर अक्कलदाढ जरूर काढा. केवळ दातांची रांग वाचवण्यासाठी काढण्याला पुराव्याचा आधार नाही.

रात्री रिटेनर घालताना एक खूण पाहायची. सहज बसला तर ठीक. एखादी रात्र चुकली आणि घट्ट लागला तर दात हलायच्या तयारीत आहेत, पुढचे काही दिवस नेमाने घाला. दर वेळीच घट्ट लागत असेल तर तास वाढवा. बसतच नसेल तर जबरदस्ती करू नका, आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जा. आठवड्याभरात जे नव्या रिटेनरने निभावतं त्यासाठी सहा महिन्यांनी पुन्हा अलाइनर लागू शकतात.

स्वच्छतेसाठी गार किंवा कोमट पाणी, मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरेसा. टूथपेस्टने पारदर्शक प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. उकळत्या पाण्यात टाकला तर त्याचा आकारच जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवला तरी तेच. जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर कचऱ्यात जातो, हे जवळजवळ ठरलेलंच. पाळीव कुत्र्यांनाही त्याचा वास भारी आवडतो. डबी सोबत हवी, आणि तोंडातून निघाला की डबीतच. जमलं तर सुरुवातीलाच दोन करून घ्या.

चिकटवलेल्या तारेला तीन अडचणी आहेत. तिच्यामागे दगडासारखा कडक थर साचतो, म्हणून सुपरफ्लॉस रोज आणि दंतवैद्याकडून ठरावीक काळाने सफाई. दुसरी, एका दातावरचा चिकटा सुटला तरी बाकी तार जागेवर असते, त्यामुळे कळत नाही, आणि तो एकटा दात निसटतो. आठवड्यातून एकदा जिभेने किंवा नखाने प्रत्येक दातावरचा ठिपका चाचपा. तिसरी अडचण कमी आढळते पण विचित्र आहे: अनेक बारीक तारांना पीळ देऊन बनवलेली तार सगळीकडे चिकटलेली असतानाही कधीकधी स्वतःच ताण देऊ लागते आणि एखादा दात पुढे किंवा आत झुकतो. हे घरी लवकर ओळखता येत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी ही तार तपासून घ्यायची. शक्य असेल तिथे चिकटवलेल्या तारेवरून रात्री घालायचा पारदर्शक रिटेनरही घ्यावा. तार तुटली तरी दात अडून राहतात.

पुढची वर्षं

रिटेनर दातांच्या नेमक्या आकारावर बेतलेला असतो. त्यामुळे मोठं फिलिंग किंवा कॅप करायची असेल तर दंतवैद्याला आधीच सांगा. नव्या कॅपवर जुना रिटेनर बसला नाही तर त्याच आठवड्यात नवा करून घ्यावा लागेल. एखादा दात काढावा लागला तर रिकाम्या जागेचं काय करायचं हे लांबवू नका. शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि समोरच्या जबड्यातला दात तिकडे उतरू लागतो.

झोपेत दात खाण्याची सवय असेल तर मऊ पारदर्शक रिटेनर महिन्यांत भोकं पडून निकामी होतो. अशा माणसाला स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारा जाड, कडक साचा, लागतो. तो दात राखण्याचं कामही करू शकतो, पण तसा मुद्दाम करून घ्यावा लागतो.

चाळिशी-पन्नाशीत समोरच्या दातांमध्ये नव्याने फट दिसू लागली तर दोष रिटेनरला देण्याआधी हिरड्या तपासून घ्या. हिरड्यांच्या आजारात हाड कमी होतं, दातांचा आधार जातो आणि ते पसरू लागतात. तिथे आधी तार लावणं धोक्याचं.

दात थोडे सरकलेच असतील तर नेहमीच पुन्हा सगळा उपचार लागत नाही. काही वेळा जुना रिटेनर नियमित घातल्याने दात परत येतात, काही वेळा मोजके अलाइनर पुरतात. अर्धा मिलिमीटर फिरलेला एखादा खालचा दात चावायला अडत नसेल आणि तुम्हालाही खुपत नसेल, तर त्याला आहे तिथेच नवा रिटेनर करून थांबवणं हाही शहाणा निर्णय असतो.

तार निघाल्यावर झालेलं शेवटचं स्कॅन मागून घ्या आणि जपून ठेवा. गाव बदललं, दवाखाना बंद झाला, रिटेनर अचानक तुटला, तरी ती फाइल असेल तर दुसरा डॉक्टर सरळ दात असतानाच्या मापावरून रिटेनर बनवू शकतो. दातांच्या नेहमीच्या सफाईला जाताना रिटेनरही बरोबर न्या. दंतवैद्याने तो एकदा दातांवर बसवून पाहिला तर चीर, सैलपणा किंवा सुटलेला चिकटा तिथल्या तिथे सापडतो.